पिस्तुलाचा धक्का: आधी वजन, मग स्प्रिंग

कडक रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, पुन्हा पुढे आणणारी स्प्रिंग) टाकली की पिस्तुलाचा धक्का कमी होतो, ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. एअर पिस्तुलावरून .22 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) पिस्तुलावर आलेलं पोरगं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच विचारतं, "सर, हे भलतंच उडून राहिलं, स्प्रिंग बदलायची का?" उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' असतं. स्प्रिंग धक्का कमी करत नाही, फक्त वाटून देते. थोडा आधी, थोडा नंतर, थोडा पुढच्या दिशेने. एकूण धक्का ठरतो तो काडतुसावर, आणि तो हाताला किती जोरात लागतो ते ठरतं पिस्तुलाच्या वजनावर.

म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी काडतूस एकच ठरवायचं, मग वजन बघायचं, मग पकड, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. बहुतेक लोक हा क्रम उलट्या टोकाकडून सुरू करतात आणि पैसे घालवतात.

सुरुवातीलाच दोन गोष्टी

पहिली कायद्याची. शस्त्र अधिनियम 1959 मधल्या 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. त्यामुळे स्प्रिंग, गाइड रॉड (स्प्रिंगच्या आतली दांडी), बफर (धडक झेलणारी गादी) हे सगळं परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचं आणि बसवायचं काम परवाना असलेल्या गनस्मिथकडून करून घ्यायचं. आपल्या नागपुरात हिंगण्याच्या एमआयडीसीत कुठलीही स्प्रिंग वळून मिळते, इतवारीच्या लोहाओळीत मापाची तारही मिळेल. तरी तिकडे जाऊ नका. कायदा हे एक कारण झालं. दुसरं असं की पिस्तुलाच्या स्प्रिंगची तार, तिच्यावरची उष्णताप्रक्रिया आणि शेवटची वेटोळी बंद करण्याची पद्धत वेगळी असते. दिसायला सारखी स्प्रिंग शंभर-दोनशे गोळ्यांत बसते, म्हणजे ताकद सोडून आखूड होते.

आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर 9 मिमी किंवा .45 मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहेत. साध्या परवानाधारकाच्या हातात येतं ते .32 चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, खेळाडूच्या हातात .22 चं स्पोर्ट पिस्तूल. 4.5 मिमीच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत 5 वर्षं झाली. नागपूर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. इथून पुढे जिथे जिथे स्लाइड ओढा, नळी वर करा असं लिहिलंय, तिथे आधी मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी बघायचं, करंगळी घालून चाचपायचं, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. मग कामाला लागायचं. आधी मॅगझिन, मग चेंबर, या क्रमात कधीही बदल नाही. उलट केलं तर स्लाइड सोडताना मॅगझिनमधली वरची गोळी पुन्हा चेंबरमध्ये जाते.

पायरी 1: आपल्या हातात काय आहे ते ओळखा

रिव्हॉल्व्हरला रिकॉइल स्प्रिंग नसतेच. त्यात मागेपुढे होणारी स्लाइड नाही, त्यामुळे सगळा धक्का सरळ मुठीत येतो. रिव्हॉल्व्हरवाल्यांनी स्प्रिंगचा भाग सोडून वजन आणि पकड एवढंच वाचावं.

.32 आणि .22 ची बहुतेक पिस्तुलं 'ब्लोबॅक' असतात. नळी फ्रेमला (मूठ असलेल्या खालच्या सांगाड्याला) पक्की. पुंगळी (काडतुसाचं कवच) मागे ढकलली जाते, ती स्लाइडला (किंवा बोल्टला) मागे ढकलते. कुलूप वगैरे काही नाही. एफएन या बेल्जियन कंपनीचं 1910 चं मॉडेल किंवा 1929 चं वॉल्थर पीपी, दोन्हींत रिकॉइल स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली आहे. आपल्याकडच्या जुन्या घराण्यांतून निघणारी .32 पिस्तुलं बहुधा याच घराण्यातली.

तिसरा प्रकार कुलूपबंद नळीचा. गोळी नळीबाहेर जाईपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून बरोबर मागे जातात, मग नळी खाली झुकते आणि स्लाइड सुटते. जॉन ब्राउनिंग यांचं 1911 आणि त्यांच्याच कामावरून पुढे आलेलं 1935 चं हाय-पॉवर या जातीचं. हाय-पॉवरची आपली आवृत्ती म्हणजे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं '9 मिमी 1ए'. कामठीच्या छावणीतल्या किंवा पोलिसातल्या वाचकांना ते तोंडपाठ असेल.

पायरी 2: वजन करा, मग हिशेब करा

ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या. पिस्तूल रिकाम्या मॅगझिनसह तोला आणि आकडा लिहून ठेवा. मॅगझिन वेगळं तोला. नंतर काहीही जोडलं की पुन्हा तोला. खेळाडूंना तर हे करायलाच हवं: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात 25 मीटरच्या पिस्तुलाचं वजन सगळ्या जोडण्यांसह जास्तीत जास्त 1400 ग्रॅम, 10 मीटर एअर पिस्तुलाचं 1500 ग्रॅम. शिवाय 25 मीटरचं पिस्तूल 300 × 150 × 50 मिमीच्या डब्यात मावलं पाहिजे. नळीखाली वजन लावताना लोक 1400 चा आकडा लक्षात ठेवतात आणि डबा विसरतात, मग इक्विपमेंट कंट्रोलच्या (सामन्याआधीच्या शस्त्रतपासणीच्या) टेबलावर स्क्रू ड्रायव्हर शोधत फिरतात.

आता हिशेब. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, अधिक बारुदाचं वजन गुणिले वायूचा वेग; ही बेरीज भागिले पिस्तुलाचं वजन. उत्तर येतं ते पिस्तुलाचा मागे येण्याचा वेग. वायूचा वेग अशा हिशेबात सेकंदाला 1200 मीटरच्या आसपास धरायला हरकत नाही.

.32 पिस्तुलाची गोळी 71 ग्रेनची, म्हणजे 4.6 ग्रॅम. वेग सेकंदाला 280 मीटर धरू. वजन किलोत धरून गुणाकार 1.29. बारूद 0.15 ग्रॅम धरलं तर त्याचे 0.18. एकूण 1.47. पिस्तूल 650 ग्रॅमचं असेल तर मागे येण्याचा वेग सेकंदाला 2.26 मीटर आणि ऊर्जा 1.66 ज्यूल. त्याच पिस्तुलाचं वजन 800 ग्रॅम असतं तर वेग 1.84 मीटर, ऊर्जा 1.35 ज्यूल. वेगही 19 टक्क्यांनी उतरला, ऊर्जाही तेवढीच. इथे स्प्रिंगचा कुठे संबंधच आला नाही.

कळमना मार्केटात रिकामा हातगाडा आणि संत्र्याच्या पेट्यांनी भरलेला हातगाडा सारख्याच जोराने ढकलून बघा, फरक कळेल. ढकलणं तेच असतं, गाड्याचा वेग वेगळा.

.22 चं काय? गोळी 2.6 ग्रॅम, वेग 325 मीटर, बारूद जेमतेम 0.08 ग्रॅम. एकूण 0.94. पिस्तूल 1100 ग्रॅमचं असेल तर वेग 0.85 मीटर आणि ऊर्जा 0.40 ज्यूल. म्हणजे त्या हलक्या .32 च्या चौथा हिस्सा. एअर पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला 150 मीटरच्या घरात. तिथला धक्का .22 च्याही दहाव्या भागाएवढा. एअर पिस्तुलावरून आलेल्या मुलाला .22 'उडताना' दिसतं ते यामुळे. पिस्तुलात दोष नाही, सवय नवी आहे. त्याला स्प्रिंग नको, चार महिने द्या.

रिव्हॉल्व्हरचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. 2014 मध्ये आयुध निर्माणीने महिलांना पर्समध्ये ठेवता यावं म्हणून टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' काढलं, .32 चं, 500 ग्रॅमचं. वागवायला हलकं, यात वाद नाही. पण .32 लाँग काडतुसाची 98 ग्रेनची गोळी सेकंदाला 215 मीटर वेगाने गेली तर 500 ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याची ऊर्जा 2.3 ज्यूल येते. तीच गोळी 750 ग्रॅमच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमधून झाडली तर दीड ज्यूल. दुकानात हातात घेऊन 'वा, किती हलकं' म्हणणारा माणूस रेंजवर पहिल्या सहा गोळ्यांनंतर वेगळं बोलतो. कमी सराव करणाऱ्याला हलकं शस्त्र देणं मला तरी पटत नाही.

पायरी 3: वजन वाढवायचं तर कुठे

किती यापेक्षा कुठे हा प्रश्न मोठा. गोळी सुटली की पिस्तूल नुसतं मागे येत नाही, मनगटाभोवती फिरतं आणि तोंड वर उचलतं. या फिरण्याला विरोध करण्याची वजनाची ताकद अंतराच्या वर्गाने वाढते. 50 ग्रॅमचा तुकडा मनगटापासून 10 सेंटीमीटरवर लावला आणि तोच 20 सेंटीमीटरवर लावला, तर दुसऱ्या जागी तो चौपट काम करतो. म्हणून स्पोर्ट पिस्तुलांत वजनं नळीखाली पुढे लावायची सोय असते. टंगस्टनचा गाइड रॉड निघाला तोही याच कारणाने. टंगस्टनची घनता 19.3, पोलादाची 7.8, तेवढ्याच जागेत अडीचपट वजन. मात्र 40-50 ग्रॅमसाठी मोजावी लागणारी किंमत बघता, परदेशातून तो रॉड मागवण्याच्या भानगडीत पडण्याआधी त्या पैशात चांगली काडतुसं घ्या.

पुढचं वजन फुकट मिळत नाही. हात लांब केल्यावर पिस्तूल खांद्यापासून 65 सेंटीमीटरवर असतं. तिथे वाढवलेला प्रत्येक 100 ग्रॅम खांद्याच्या स्नायूला 60 गोळ्यांच्या सामन्यात पुरेपूर जाणवतो. रॅपिड फायरमध्ये आणखी एक अडचण: पाच टार्गेटवर पाच गोळ्या, मालिका 8, 6 आणि 4 सेकंदांच्या. तोंडाकडे जड पिस्तूल एका टार्गेटवरून दुसऱ्यावर सरकायला आळस करतं आणि थांबायच्या जागी थांबत नाही, पुढे जातं. 25 मीटर महिला पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट 3 सेकंद समोर आणि 7 सेकंद वळलेलं, दर वेळी एकच गोळी, आणि टार्गेटही एकच. तिथे आडवं सरकायचं नसतं, हात 45 अंशातून वर आणायचा असतो, त्यामुळे थोडं पुढचं वजन चालून जातं. ही राही सरनोबत आणि मनू भाकर यांची स्पर्धा. राहीने 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतलं. विजय कुमारने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य घेतलं ते रॅपिड फायरमध्ये. दोन्ही स्पर्धा .22 च्याच, दोन्हीत 1400 ग्रॅमचीच मर्यादा, तरी वजन मांडण्याचं गणित वेगळं.

करायचं असं. सुरुवात काहीही न लावता करा. पाच-पाच गोळ्यांच्या चार मालिका मारा आणि स्कोअर बाजूला ठेवून फक्त फोरसाइट (नेम धरायचा नळीच्या टोकाकडचा खुंट) बघा: गोळी सुटल्यावर ती कुठे जाते आणि परत कुठे येऊन थांबते. मग 25 ग्रॅम लावा, पुन्हा चार मालिका. पुन्हा 25. जिथे फोरसाइट बॅकसाइटच्या (मागच्या साइटच्या) खाचेत आपोआप परत बसते, पण मालिकेच्या शेवटच्या दोन गोळ्यांना हात खाली ओढला जात नाही, तिथे थांबा. एका दिवसात ठरवू नका. रविवारी सकाळी ताज्या हाताने सुंदर वाटलेलं वजन बुधवारी ऑफिसनंतर जड होतं.

मूठ आणि नळी यांच्यातलं उभं अंतरही बघा. नळी मुठीच्या जितकी वर, तितकं तोंड जास्त उचलणार. हात शक्य तितका वर, बीव्हरटेलला (मुठीच्या वर मागे आलेल्या शेपटीला) चिकटून धरला की काही मिलिमीटर फुकटात मिळतात.

पायरी 4: स्प्रिंग खरं काय करते

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच आहे.

ब्लोबॅक पिस्तुलात पुंगळीला वेळेआधी बाहेर पडू न देण्याचं काम स्प्रिंग करते असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशेब करू. 9 सेंटीमीटरच्या नळीतून .32 ची गोळी बाहेर पडायला सुमारे 0.6 मिलिसेकंद लागतात. स्लाइड बंद असताना स्प्रिंगचा दाब समजा 25 न्यूटन आहे, म्हणजे अडीच किलोच्या आसपास. एवढ्या वेळात स्प्रिंगने स्लाइडला केलेला विरोध, दाब गुणिले वेळ, 0.015. आणि गोळी-वायूचा धक्का होता 1.47. म्हणजे शेकडा एक! बाकी नव्व्याण्णव टक्के विरोध स्लाइडच्या वजनाचा. म्हणूनच ब्लोबॅक पिस्तुलाची स्लाइड हलकी करण्यासाठी तिला भोकं पाडून घेणं ही फॅशन नाही, धोका आहे. दाब उतरण्याआधी पुंगळी बाहेर सरकते आणि फाटते, आणि ती फाटते तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

मग स्प्रिंगचं काम सुरू होतं ते गोळी गेल्यानंतर. समजा स्लाइड 250 ग्रॅमची आहे. वरच्या धक्क्याने ती सेकंदाला जवळपास 6 मीटर वेगाने मागे निघते, जवळ सुमारे 4 ज्यूल ऊर्जा घेऊन. 4 सेंटीमीटरच्या प्रवासात स्प्रिंग त्यातली दीडेक ज्यूल साठवते, थोडी घोडा (हॅमर) ताणण्यात आणि घर्षणात जाते, उरलेली फ्रेमवर आदळते. स्प्रिंग 20 टक्क्यांनी कडक केली तर साठवण दीडवरून 1.8 वर जाते. फ्रेमवरची धडक थोडी मऊ होते, इतकंच. पण साठवलेलं स्प्रिंग परत देते. स्लाइड जास्त जोरात पुढे येऊन बंद होते आणि पिस्तुलाचं तोंड खाली टोचतं. ज्यांना दुसरी गोळी नेहमी सहा वाजता, म्हणजे टार्गेटवर सरळ खाली, लागते त्यांनी ट्रिगरला दोष देण्याआधी हे तपासावं.

हा सगळा येण्या-जाण्याचा खेळ सेकंदाच्या वीसाव्या भागाच्या आसपास संपतो. 4 सेकंदांच्या मालिकेतसुद्धा पुढची गोळी सोडेपर्यंत स्लाइड केव्हाच बंद झालेली असते. त्यामुळे स्प्रिंगने पिस्तूल 'फास्ट' होतं ही जाहिरात आपल्या खेळाला लागू नाही. स्प्रिंगकडून आपल्याला हवंय ते एवढंच: प्रत्येक पुंगळी नीट बाहेर पडावी, प्रत्येक गोळी नीट आत जावी, आणि फोरसाइट दर वेळी एकाच जागी परत यावी.

स्प्रिंगवर लिहिलेला पौंडाचा आकडा स्लाइड पूर्ण मागे असतानाचा असतो. 5 इंची .45 च्या 1911 ची ठरलेली स्प्रिंग 16 पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोची. त्याच पिस्तुलाच्या आखूड आवृत्तीला 18 किंवा त्याहून जास्त लागते, कारण स्लाइड हलकी होते आणि मागे जायला जागाही कमी उरते. यावरून एक नियम ध्यानात ठेवा: स्लाइडचं वजन, काडतुसाची ताकद आणि स्प्रिंग या तिघांचं एकमेकांत ठरलेलं असतं. एकाला हात लावला की बाकी दोघं कुरकुर करतात. लाल ठिपका दाखवणारी ऑप्टिक साइट स्लाइडवर बसवली की स्लाइडचं वजन वाढतं, हे त्यातलंच.

पायरी 5: स्प्रिंग तपासायची कशी

पुंगळ्या बघा. हे सगळ्यात स्वस्त यंत्र आहे. निरोगी पिस्तूल पुंगळी दीड-दोन मीटरवर, दर वेळी साधारण एकाच जागी टाकतं. त्या लांब उडायला लागल्या, किंवा पुंगळीच्या कडेला नवे ठोके दिसायला लागले, की स्प्रिंग थकली किंवा काडतूस जास्त तापट आहे. पुंगळ्या मनगटावर, टोपीवर, पायाशी पडत असतील, मधूनच एखादी खिडकीत (स्लाइडवरच्या पुंगळी बाहेर पडायच्या जागेत) उभी अडकत असेल, तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही: स्प्रिंग कडक आहे, किंवा काडतूस मवाळ, किंवा पिस्तूल घाण, किंवा मनगट सैल. या चारांत मनगट पहिल्यांदा तपासा. हलक्या फ्रेमच्या पिस्तुलात सैल मनगटामुळे फ्रेमच स्लाइडबरोबर मागे जाते आणि स्लाइडला पूर्ण प्रवास मिळत नाही. तेच पिस्तूल शेजारच्या अनुभवी नेमबाजाच्या हातात बिनतक्रार चालत असेल तर स्प्रिंगला हात लावू नका.

दुसरी परीक्षा एका गोळीची. मॅगझिनमध्ये एकच गोळी, ती झाडल्यावर स्लाइड मागे अडकून उघडी राहिली पाहिजे. जुन्या धाटणीच्या काही .32 पिस्तुलांत, उदाहरणार्थ एफएन 1910 मध्ये, ही सोयच नाही. तिथे दोन गोळ्या भरा आणि दुसरी न अडकता चेंबरमध्ये जाते का ते बघा. ही परीक्षा एकदा पक्क्या पकडीने आणि एकदा थोड्या ढिल्या पकडीने, अनेक वेळा करा.

तिसरी, बंद होण्याची परीक्षा. पिस्तूल रिकामं, चेंबर दोनदा बघितलेलं. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून वर करा, स्लाइड पाव-अर्धा इंच मागे ओढा आणि हळूच, हाताने सोबत करत सोडा. ती स्वतःहून पूर्ण बंद झाली पाहिजे. शेवटचे दोन मिलिमीटर राहत असतील तर स्प्रिंग बसली आहे किंवा स्लाइडच्या रुळांत तेल-कचऱ्याचा थर आहे. आधी साफ करून पुन्हा बघा.

चौथी तर परीक्षाही नाही. नवी स्प्रिंग आणि जुनी स्प्रिंग टेबलावर शेजारी शेजारी उभी करा. जुनी एक-दोन वेटोळ्यांएवढी आखूड झाली असेल, किंवा वाकडी उभी राहत असेल, तर विषय संपला. यासाठी पिस्तूल नवं असतानाच स्प्रिंगची मोकळी लांबी मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवायची.

पायरी 6: बदलायचीच असेल तर

बदलायची तर पहिल्यांदा कंपनीचीच, मूळ ताकदीची. ती देखभाल झाली. 1911 सारख्या पिस्तुलांसाठी दोन-तीन हजार गोळ्यांना स्प्रिंग बदलावी असा प्रघात आहे, .22 ला त्याहून बरीच जास्त मुदत मिळते. पण शब्द अंतिम तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तिकेचा. अनेक स्पोर्ट पिस्तुलांत बोल्टच्या मागे रबरी किंवा पॉलिमरचा बफर असतो. स्प्रिंगबरोबर तोही बघा. बफर चिरला की त्याचे तुकडे आत फिरतात, आणि दोष स्प्रिंगच्या माथी येतो.

मूळ ताकदीहून वेगळी स्प्रिंग लावायला माझ्या मते एकच पटणारं कारण आहे: तुम्ही एकच काडतूस ठरवलंय, ते कंपनीने गृहीत धरलेल्यापेक्षा मवाळ किंवा तापट आहे, आणि वरच्या परीक्षांत ते दिसतंय. मग एका वेळी एकच बदल, एकाच पायरीने. 1 पौंड, फार तर 2. वजनं जशीच्या तशी. नव्या जोडणीवर निदान शंभर-दीडशे गोळ्या बिनतक्रार गेल्याशिवाय सामन्यात न्यायचं नाही. त्यातल्या शेवटच्या वीस गोळ्या सराव संपताना, हात थकलेला असताना मारा. अडकायचं असेल तर ते तिथे अडकेल.

घोड्याची स्प्रिंग हाही रिकॉइलमधला भागीदार आहे, कारण मागे जाणारी स्लाइड तीच दाबत जाते. ट्रिगर हलका करायला म्हणून कुणी घोड्याची स्प्रिंग मऊ केली की स्लाइड वेगाने मागे जाते आणि पिस्तूल अचानक 'उडायला' लागतं. 25 मीटरच्या पिस्तुलाला ट्रिगरवर किमान 1000 ग्रॅम हवेतच. तेवढं मिळवायला घोड्याची स्प्रिंग छाटू नका, ट्रिगरचे स्क्रू असतात.

नागपूरचं ऊन, नागपूरचा पाऊस

मे महिन्यात 45 अंशांत रेंजच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत काडतुसं ठेवली तर ती हाताला चटका देतील इतकी तापतात. गरम बारूद जोरात जळतं, गोळीचा वेग थोडा वाढतो, स्लाइड जोरात मागे येते. डिसेंबरच्या सकाळी 10 अंशांत उलट होतं: .22 च्या गोळीवरचं मेण घट्ट, पिस्तुलातलं ग्रीस घट्ट, आणि तीच स्प्रिंग कडक वाटायला लागते. त्यामुळे थंडीत जुळवलेली जोडणी उन्हाळ्यात पुन्हा तपासायची, आणि काडतुसं थर्मोकोलच्या डब्यात, सावलीत ठेवायची. उन्हाळ्यात पातळ तेल रुळांवरून ओघळून जातं, जरा दाट तेल वापरा. हिवाळ्यात पातळ, आणि दोन्ही वेळा थेंबभरच. घामाचं वेगळं सांगायला नको. ओल्या तळव्यात मूठ सरकली की मनगट सैल झाल्यासारखाच परिणाम होतो. टॉवेल जवळ ठेवा.

पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, स्प्रिंग महिन्यातून दोनदा बाहेर काढून पुसायची. नळीभोवती गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये ओल अडकते आणि बाहेरून दिसत नाही. स्प्रिंग दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, पुन्हा पुन्हा दाबण्या-सुटण्याने थकते. गंज मात्र तिला कपाटात बसल्या बसल्या खातो.

निवडणुकीच्या काळात परवान्याचं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं, तेव्हा ते असं द्या: साफ केलेलं, चेंबर आणि मॅगझिन रिकामं, घोडा खाली, स्लाइड बंद, रुळांवर आणि स्प्रिंगवर तेलाचा पातळ हात. पावती परवान्याबरोबर ठेवा. परत मिळालं की लगेच रेंजवर नेऊ नका. घरी उघडा, जुनं तेल पुसा, स्प्रिंग उजेडात धरून वेटोळं वेटोळं फिरवून बघा. तारेवर गंजाचा खड्डा दिसला तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नका, बदला. तार तुटते ती त्याच खड्ड्यापासून.